इंदूरचा लालबाग : राजवाडा, बाग आणि पाणी

(आपल्या संस्थेच्या डोणगाव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गेल्या मार्गशीर्षात आपल्या संस्थेच्या वतीने ओंकारेश्वर व उज्जयिनी येथील यात्रा निघाली होती. तिची हकीकत मेळाव्यात सांगितली जावी व स्मरणिकेत छापली जावी, अशी कार्यकारी मंडळाची इच्छा असल्यामुळे हे काम आमच्याकडे आले. ज्योतिर्लिंगांचे माहात्म्य सांगावयास आमच्यापेक्षा अधिकारी मंडळी येथे बसलेली आहेत. तो प्रांत त्यांच्याकडेच राहू द्यावा. परतीच्या वाटेवर इंदूर मुक्कामी होळकरांचा लालबाग राजवाडा आम्ही पाहिला, त्याविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. यात्रेकरूंनी राजवाडा कशाला पाहावा, असा प्रश्न गाडीत निघाला होता. परंतु तो पाहून जी चर्चा सुरू झाली ती मलकापूर येईपर्यंत थांबली नाही, आणि बोलता बोलता ती आपल्या संस्थेच्या नियोजित वास्तूपर्यंत येऊन ठेपली. म्हणून हा विषय आम्हांला सर्वांपुढे मांडण्याजोगा वाटतो.

प्रवासाचे वर्णन लांबविण्याचे कारण नाही. मेहकर, चिखली, बुलढाणा, मलकापूर, बऱ्हाणपूर हा रस्ता आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. पुढे असीरगडाची तटबंदी डोंगरमाथ्यावर दिसते, सातपुडा मागे पडतो, नर्मदा ओलांडली की विंध्याचा चढ लागतो, आणि चढून गेले की माळव्याची काळी सपाट जमीन सुरू होते. ती आपल्या पैनगंगेकाठच्या जमिनीसारखीच दिसते, त्यामुळे परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही. इंदुरात तर बाजारात उभे राहिले तरी कानांवर मराठी शब्द पडतात. होळकरांच्या अमदानीत घाटावरून गेलेली घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, आणि त्यांची मराठी ऐकताना त्यांचे पूर्वज आपल्याच मुलखातून गेले असल्याची खूण पटते.

इंदूर शहराच्या मध्यभागी होळकरांचा जुना राजवाडा आहे. तो सात मजली असून खालचे मजले दगडी व वरचे लाकडी आहेत. त्याच्या दरवाजासमोर उभे राहिले म्हणजे आपण मराठ्यांच्या राज्यात आलो, हे कोणी सांगावे लागत नाही. मोठा दरवाजा, त्यावर झरोके, आत चौक, चौकाभोवती ओसऱ्या. आपल्याकडील देशमुखी वाड्याचेच ते विस्तारलेले रूप. लालबागेची गोष्ट मात्र अगदी निराळी. तेथे पाऊल टाकताच आपण मुंबईस, नव्हे विलायतेस, उतरलो की काय, असा भास होतो.

प्रथम दरवाजेच पाहा. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याचे जे लोखंडी दरवाजे आहेत, त्यांच्या नमुन्यावर हे दरवाजे विलायतेत ओतवून घेतले, आगबोटीने मुंबईस आणले आणि तेथून माळव्यात चढविले. त्यांवर होळकरांचे राजचिन्ह आहे. आत शिरल्यावर सुमारे अठ्ठावीस हेक्टरांचा परिसर पसरलेला आहे, व एका अंगाने खान नदी वाहते. बांधकामास प्रारंभ झाला १८८६ साली, दुसऱ्या तुकोजीरावांच्या अखेरच्या दिवसांत. मधली कारकीर्द शिवाजीरावांची. आणि काम पुरे झाले तिसऱ्या तुकोजीरावांच्या वेळी, १९२१ साली. म्हणजे पस्तीस वर्षे! एका पिढीने पाया घातला, दुसरीने भिंती चढविल्या आणि तिसरीने त्यावर सोन्याचा मुलामा दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

बाहेरून ही इमारत फार भव्य आहे असे आम्हांला वाटले नाही, आणि ते सांगावयास आम्हांला संकोच नाही. तिची सारी श्रीमंती आत आहे. इटलीहून आणलेल्या संगमरवराचे खांब, उंच छतांवर रंगविलेली आकाशे व त्यांत तरंगणाऱ्या देवता, ग्रीक पुराणांतील प्रसंग कोरलेल्या पट्ट्या, रंगीत काचांच्या खिडक्या, प्रचंड झुंबरे, इराणी गालिचे, पेंढा भरलेले वाघ. जिकडे पाहावे तिकडे वेलबुट्टी, शंखाकृती आणि मुलाम्याची सोनेरी वळणे. नाचाचे एक दालन असे आहे की, त्याची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसविलेली आहे. नाचणाऱ्याचे पाऊल पडले की जमीन किंचित दबावी आणि पुन्हा उचलून धरावी. आपल्या मंडळींतील काही मुलांनी तेथे उडी मारून पाहण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, हे योग्यच झाले.

अशा सजावटीला पाश्चात्त्य देशांत 'बरोक' शैली म्हणतात. ओबडधोबड मोत्याला पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. सतराव्या शतकात ती रोममध्ये बहरली आणि पुढे शंभर-दीडशे वर्षे युरोपातील बहुतेक राजेरजवाड्यांनी ती उचलून धरली. तिचा हेतू एकच : पाहणाऱ्याने दिपून जावे. सरळ रेषेपेक्षा वळण बरे, साध्या भिंतीपेक्षा कोनाडा बरा, आणि छत असले तरी ते छत नसून आकाशच आहे असा भास व्हावा. आपणांपैकी जे गोव्यास जाऊन आले असतील त्यांनी जुन्या गोव्यातील चर्चची सोनेरी वेदी पाहिली असेल. ती ह्याच कुळातली.

ह्या शैलीचे मूळ स्थान इटली असल्याने तेथील एका राजवाड्याची हकीकत सांगितल्याखेरीज लालबागेचे मर्म ध्यानात यावयाचे नाही. आम्ही तो राजवाडा पुस्तकांतून व चित्रांतूनच पाहिला आहे. पण त्याची कथा अशी आहे की, एखाद्या कीर्तनकाराने आख्यानास लावावी.

नेपल्स शहराच्या उत्तरेस कासेर्ता नावाचे गाव आहे. बुर्बाँ घराण्यातील चार्ल्स राजा तेव्हा नेपल्सच्या गादीवर होता. फ्रान्सच्या राजाचा व्हर्साय येथील राजवाडा जगात गाजत होता; त्याच्या तोडीचा आपला असावा, अशी चार्ल्सची आकांक्षा. लुइजी वान्वितेल्ली नावाच्या वास्तुतज्ज्ञाकडून त्याने नकाशे करविले आणि २० जानेवारी १७५२ रोजी, स्वतःच्या वाढदिवशी, पायाचा दगड बसविला. चार मोठी अंगणे, सुमारे बाराशे दालने, आणि मागे जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची सरळ रेषेत चढत जाणारी बाग. त्या बागेच्या टोकाशी डोंगर, डोंगरावरून कोसळणारा धबधबा, आणि तेच पाणी एका हौदातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पुतळ्यांच्या मेळाव्यामधून राजवाड्याच्या दिशेने उतरत येते.

आता हे पाणी आले कोठून? कासेर्ताच्या डोंगरात तेवढे पाणी नव्हतेच. ते आणले पूर्वेकडच्या दूरच्या डोंगरांतील फिझ्झो येथील झऱ्यांवरून, अडतीस किलोमीटरांचा पाट बांधून. बहुतेक पाट जमिनीखालून जातो. डोंगर आडवे आले तेथे बोगदे खोदले, आणि एका ठिकाणी खोल दरी आली तेथे तीन मजली कमानींचा पूल उभारला. तो पूल पाचशे मीटरांहून लांब आणि पन्नास मीटरांहून उंच आहे व आजही उभा आहे. १७६२ साली पाणी बागेत आले. वाफेचे यंत्र नाही, विजेचा पंप नाही. केवळ उतार नेमका साधून पाणी आपल्या वजनाने चालत आणले. ज्यांनी शेतात पाट काढला आहे त्यांना ह्या कामाची योग्यता सांगावयास नको. अर्ध्या एकराच्या वाफ्यात उतार चुकला तर एका कोपऱ्यात डबके होते आणि दुसरा कोपरा कोरडा राहतो. येथे तर अडतीस किलोमीटर!

आणि हे काम केले कोणी? मजुरांबरोबर शिक्षा झालेले कैदी आणि समुद्रावर पकडलेले उत्तर आफ्रिकेतील गुलामही ह्या बांधकामावर राबविले गेले. त्यांपैकी एकाचेही नाव तेथल्या संगमरवरावर नाही. राजाची कथा तर त्याहून चमत्कारिक. १७५९ साली स्पेनची गादी रिकामी झाली, चार्ल्स तिकडे निघून गेला, आणि ज्या वाड्यासाठी त्याने एवढा अट्टाहास केला त्यात तो एक रात्रही निजला नाही. वान्वितेल्लीही १७७३ साली वारला; पुढचे काम त्याच्या मुलाने चालविले.

परंतु पाणी मात्र राजाच्या लहरीवर अवलंबून राहिले नाही. बागेतून उतरलेले पाणी पुढे वाया न घालविता ते नेपल्सकडे जाणाऱ्या जुन्या पाटास मिळविण्याची योजना मूळ नकाशातच होती. वाटेत त्यावर गिरण्या चालत. जवळच सान लेउचो म्हणून जी रेशीम विणणाऱ्यांची वसाहत चार्ल्सच्या मुलाने वसविली, तेथील रहाटही ह्याच पाण्यावर फिरत. त्या वसाहतीसाठी १७८९ साली राजाने एक नियमावली काढली; तीत विणकरांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे केले होते. राजवाडा, बाग, पाट आणि ही वसाहत ह्या सर्वांची मिळून १९९७ साली जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली आहे. आमच्या मते त्या यादीत पाटाचे नाव राजवाड्याच्या आधी हवे होते. पण यादी करणाऱ्यांनी आम्हांला विचारले नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे, कारण ती आपल्या लोकांची आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडातील, नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. सारे सोबती पडल्यावर एकट्याने शत्रूचा मशीनगनचा मोर्चा जिंकणाऱ्या ह्या वीराला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ साली इटलीतील मोन्तोने गावी त्यांचे स्मारक एका सूर्यघड्याळाच्या रूपाने उभे राहिले. त्या मोहिमेचा शेवट जेथे झाला ते ठिकाण म्हणजे हाच कासेर्ताचा राजवाडा. तेव्हा दोस्त सैन्याचे मुख्य ठाणे तेथे होते, आणि २९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील जर्मन सैन्याच्या शरणागतीवर तेथेच सह्या झाल्या. कासेर्ता आपल्याला वाटते तितके दूर नाही, एवढेच ह्यावरून म्हणावयाचे.

असो. आता पुन्हा लालबागेत येऊ.

लालबागेची बाग एके काळी फार नावाजलेली होती, विशेषतः गुलाबांसाठी. आज तेथे झाडे मोठी आहेत, सावली गडद आहे, आणि सकाळी पुष्कळ लोक फिरावयास येतात; पण 'बाग' म्हटल्यावर आपल्या मनापुढे जो टवटवीतपणा उभा राहतो तो शोधावा लागतो. जिच्या काठी ही बाग वसविली त्या खान नदीकडे पाहून आमच्या मंडळींपैकी कोणी आचमनास हात पुढे केला नाही. शहर वाढले तसतसे त्याचे सांडपाणी नदीत आले. नदी स्वच्छ करण्याचे प्रयत्न झाले आहेत व होत आहेत, परंतु नदी एकदा नाला झाली की तिला पुन्हा नदी करणे हे राजवाडा बांधण्यापेक्षा अवघड काम आहे.

येथे आमच्या सोबतच्या एका वयोवृद्ध काकूंनी जो प्रश्न विचारला तो आम्ही त्यांच्याच शब्दांत सांगतो. सारी दालने फिरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, एवढा मोठा वाडा, पन याची चूल कोठी हाय?"

आम्ही सारे झुंबरांकडे पाहत होतो. चूल कोणाच्या ध्यानात नव्हती. चौकशी करता असे कळले की, राजवाड्याचे स्वयंपाकघर राजवाड्यात नव्हतेच. ते नदीच्या पलीकडच्या काठावर होते, आणि तेथून राजवाड्यापर्यंत जमिनीखालून एक भुयारी मार्ग काढलेला होता. धूर, वास, भांड्यांचा आवाज आणि राबणारी माणसे ह्यांपैकी काहीच पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये, असा हेतू असला पाहिजे. काकूंनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "मंग भाकर गरम कशी रायत असन त्यायची?"

ह्यावर हशा पिकला खरा. पण नंतर विचार करू लागलो तेव्हा वाटले की, त्या राजवाड्याविषयी छापलेल्या सगळ्या वर्णनांपेक्षा ह्या एका प्रश्नात अधिक शहाणपण आहे. कासेर्ताचे पाणी कोणी आणले आणि लालबागेची ताटे भुयारातून कोणी वाहिली, हे दोन्ही प्रश्न एकाच जातीचे. ज्याने वाहिले तो चित्रात नाही. आपण ज्या समाजातून आलो आहोत त्याच्या पूर्वजांनी वाड्याच्या दर्शनी दरवाजाने फारसे प्रवेश केलेले नाहीत. त्यांना मागचा दरवाजाच ठाऊक होता. म्हणूनच काकूंची नजर आपसूक चुलीकडे गेली असावी.

लालबागेचे काम पुरे होत असतानाच इंदुरात दुसरेही एक काम चालले होते, आणि ते फार थोड्यांस ठाऊक आहे. पॅट्रिक गेडेस नावाचा स्कॉटिश पंडित, मूळचा जीवशास्त्रज्ञ पण नगररचनेत मुरलेला, होळकर दरबाराने शहराची पाहणी करण्यास बोलाविला. त्या काळी प्लेगच्या भीतीने इंदूर ग्रासले होते. गेडेस मोठमोठे रस्ते फोडा, वस्त्या पाडा, असे म्हणणारा नव्हता. जुन्या विहिरी, तलाव, नदीचे काठ आणि घरामागची अंगणे स्वच्छ करा, मोकळी करा, झाडे लावा, असे त्याचे सांगणे असे. लोकांना हे पटावे म्हणून त्याने दिवाळीची मिरवणूक काढविली, आणि ती नेहमीच्या रस्त्याने न नेता, ज्या पेठेने आपले रस्ते व घरे सर्वांत स्वच्छ केली असतील तीतून नेण्याचे जाहीर केले. मग काय विचारता! गल्ल्यागल्ल्यांतून चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, आणि रावणाप्रमाणे तिचेही दहन झाले. १९१८ साली त्याने आपला अहवाल दरबारास सादर केला; नगररचनेचे विद्यार्थी तो आजही वाचतात. हाच गेडेस पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. इंदूरने अलीकडच्या काळात शहरस्वच्छतेत देशात वारंवार पहिला क्रमांक मिळविला आहे. त्याचे बीज गेडेसच्या त्या मिरवणुकीत होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण आठवण करून देणे वावगे नाही.

लालबाग पुरी झाली १९२१ साली. पाचच वर्षांनी, १९२६ साली, तिसऱ्या तुकोजीरावांनी गादी सोडली. त्यांचे चिरंजीव यशवंतराव गादीवर आले, त्यांना लालबागेची सोनेरी वळणे रुचली नाहीत. त्यांनी १९३० नंतर एकार्ट मुथेसियस ह्या जर्मन वास्तुतज्ज्ञाकडून माणिकबाग नावाचा दुसरा राजवाडा सजविला, तो अगदी साध्या, सरळ रेषांचा. पस्तीस वर्षे खपून आणलेली ऐट दहा वर्षांत जुनी झाली! तुकोजीराव १९७८ साली पॅरिसमध्ये निवर्तले, आणि लालबाग पुढे सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे गेली.

योगायोग असा की, त्याच १९७८ साली इंदूरच्या नळांना नर्मदेचे पाणी आले. शहर पाण्यासाठी तळमळत होते. १९७० साली नागरिकांनी त्यासाठी मोठे आंदोलन केले होते. मग नर्मदेवरील जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटर, आणि चारशे मीटरांहून अधिक उंच चढवून, पाणी आणण्यात आले. कासेर्ताचे पाणी उताराने आले, इंदूरचे पंपाने वर चढले. ते राजाच्या बागेसाठी आले, हे घराघरांतील घागरीसाठी. चढविण्यास विजेचा खर्च मोठा आहे, ही अडचण खरी. पण लालबागेचे दरवाजे मुंबईहून घाट चढविण्यापेक्षा हे चढविणे आम्हांला अधिक पराक्रमाचे वाटते.

हे जलूद जेथे आहे तेथून महेश्वर जवळच. दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे गेलो. पुण्यश्लोक अहिल्याबाईंची ही राजधानी. येथून त्यांनी १७९५ पर्यंत राज्य केले. लालबाग पाहून आलेल्या मंडळींना त्यांचा वाडा पाहून धक्काच बसला. लाकडी खांब, ओसरी, तुळशीचे वृंदावन, आणि जमिनीवर अंथरलेली साधी गादी. आपल्या गावातील एखाद्या सुखवस्तू पाटलाचा वाडा ह्याहून मोठा निघावा! परंतु वाड्यातून खाली उतरले की नर्मदेचा घाट लागतो, आणि मग पैसा कोठे गेला ते कळते. काशीस, गयेस आणि हिंदुस्थानभरच्या तीर्थांच्या ठिकाणी त्यांनी देवळे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. आपणांस जवळचे उदाहरण हवे असेल तर वेरूळच्या घृष्णेश्वराचे देऊळ आणि तेथील शिवालय तीर्थ पाहावे. महेश्वरास विणकर आणून बसविण्याचे कामही त्यांचेच. ते माग आजही चालतात. आपल्या भगिनींनी तेथे जी खरेदी केली तिचा तपशील येथे देणे उचित नाही, पण गाडीतील जागा कमी पडली एवढे सांगतो.

होळकरांच्या एकाच घराण्यात हे दोन वाडे. कोणता श्रेष्ठ, हा वाद गाडीत झाला, आणि बहुतेकांनी एका स्वरात महेश्वर म्हटले. आम्हांला मात्र निकाल इतका सोपा वाटत नाही. लालबाग बांधली त्या काळी इंग्रज रेसिडेंट शेजारी बसलेला होता, आणि एतद्देशीय राजा हा आपल्या बरोबरीचा नाही असे तो पदोपदी दाखवीत असे. त्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच झुंबरांत, त्याच्याच नाचघरात उत्तर द्यावे, असे राजाला वाटले तर त्यात निव्वळ डामडौल होता असे आम्ही म्हणणार नाही. अहिल्याबाईंपुढे असा प्रश्न नव्हता. त्यांना कोणाला काही सिद्ध करून दाखवावयाचे नव्हते. मानाची भूक ही पोटाच्या भुकेइतकीच खरी असते, आणि ती आपल्यासारख्या समाजास कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ह्याच ठिकाणी चर्चा आपल्या वास्तूकडे वळली. संस्थेने डोणगावी मंगल कार्यालय व विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधावयाचे ठरविले आहे, आणि त्याचा एक कच्चा नकाशा सर्वांनी पाहिलेला आहे. त्यात दर्शनी बाजूस मोठी कमान, दोन्ही बाजूंस नक्षीचे खांब आणि वर घुमट दाखविले आहेत. स्वयंपाकघर मात्र मागच्या कोपऱ्यात, सभागृहापासून दूर, मध्ये उघडे अंगण. आणि पाण्याची सोय म्हणून केवळ 'टाकी' असा एक शब्द लिहिलेला आहे. टाकीत पाणी कोठून यावयाचे, ते लिहिलेले नाही. आपल्या भागात चैत्र-वैशाखात विहिरींची काय अवस्था होते ते सर्वांना ठाऊक आहे, आणि लग्नेही नेमकी तेव्हाच असतात. पन्नास विद्यार्थी वसतिगृहात राहावयाचे म्हटले तर त्यांच्या आंघोळीचे पाणी रोज टँकरने आणावयाचे काय?

गाडीत एका ज्येष्ठ सभासदांनी कमानीची बाजू मांडली, आणि ती चांगली मांडली. ते म्हणाले, "आपली मुले आजवर दुसऱ्यांच्या कमानींखालून गेली. एक कमान आपली असू द्या. तिच्यावर आपले नाव असू द्या. पाणी काय, आज ना उद्या येईल." ह्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. आम्हीही नाही. कारण त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते, आणि त्यांनी स्वतः ज्या वसतिगृहात राहून शिक्षण घेतले तेथे त्यांना कोणत्या दाराने यावे लागे, ते आम्हांला माहीत होते.

तरीही आमचे मत कमानीच्या आधी पाण्याकडे झुकते, आणि त्याचे कारण आमच्याच जिल्ह्यात आहे. सिंदखेड राजास लखुजी जाधवरावांच्या वाड्याचा भव्य दरवाजा आपण सर्वांनी पाहिला आहे; १५९८ साली जिजाऊ तेथे जन्मल्या, म्हणून त्या दरवाजापुढे आपले मस्तक नमते. परंतु दरवाजा पाहून परत फिरणारे पुष्कळ. मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव पाहणारे थोडे. ज्यांनी वाड्याचा तो दरवाजा उभारला त्या जाधवरावांच्या गावात तलाव आणि बारवाही आहेत. दगडी पायऱ्यांनी बारवेत उतरून पाहावे. तेथील शिल्पे दरवाजाच्या शिल्पांहून कमी नाहीत. म्हणजे पाण्याचे काम शोभेचेही करता येते, हे आमच्या पूर्वजांना साधले होते. कमान की पाणी, असा एकच पर्याय निवडावयाचा नसून, कमानीवर जो कारागीर नक्षी काढणार तोच विहिरीच्या काठावर काढू शकेल.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. कमान असावी, पण ती साधी असावी, आणि घुमट पुढच्या काळावर सोडावा. त्यातून वाचणाऱ्या रकमेतून प्रथम विहीर खोदावी; तिचे बांधकाम दगडी असावे व त्यावर दात्यांची नावे असावीत. सभागृहाच्या व वसतिगृहाच्या छपरांवरचे पावसाचे पाणी पन्हळींनी एकत्र आणून गाळून त्याच विहिरीत सोडावे. स्वयंपाकघर सभागृहास लागून असावे आणि त्याचे दार दर्शनी अंगणातच उघडावे. वाढणारी आणि भांडी घासणारी माणसे मागच्या गल्लीने येणार नाहीत. आणि त्या घरात उभे राहून काम करणारीला वारा लागेल अशी खिडकी असावी. ही शेवटची सूचना काकूंची आहे. तिच्याखाली आमची सही घेतली तरी चालेल.

नकाशाची मोठी प्रत ह्या मंडपाच्या उजव्या अंगास, पाण्याच्या माठांजवळ, फळीवर लावलेली आहे. बाजूस पेन्सिली बांधून ठेवल्या आहेत. भोजनाची पंगत बसण्यापूर्वी प्रत्येक घरातील एका स्त्रीने आणि एका पुरुषाने तेथे जाऊन, ज्या ठिकाणी बदल हवा असेल तेथे खूण करावी व आपले नाव लिहावे. आर्किटेक्टकडे नकाशा पुढील पौर्णिमेपूर्वी परत पाठवावयाचा आहे.